तिकीट दिल्ली-मुंबईत, हिशेब मात्र बोईसरला

वानगी पाहिल्याशिवाय कोणताही शहाणा व्यापारी माल उचलत नाही. तांदळाचे पोते असो, लोखंडाचे भंगार असो की कारखान्यात लागणारे रसायन असो, मूठभर माल हातावर घेऊन पाहिला जातो, दोन ठिकाणी भाव विचारला जातो, देणाऱ्याची बाजारात पत काय आहे याची चौकशी होते आणि मगच सौदा ठरतो. ही सावधगिरी आपल्या बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु पाच वर्षांसाठी ज्याच्या हाती रस्ता, रेल्वे, सांडपाणी, बंदर आणि परवाने यांच्या किल्ल्या द्यायच्या, तो माणूस निवडण्याची वेळ आली की हीच सावधगिरी कुठे जाते, हा प्रश्न पालघर आणि बोईसर-तारापूरच्या व्यापाऱ्यांनी व कारखानदारांनी स्वतःला विचारण्याची गरज आहे.

मतदानाच्या दिवशी यंत्रावर जी नावे असतात, ती आधीच कोणीतरी निवडलेली असतात. खरी निवड तिकीटवाटपात होऊन गेलेली असते. म्हणजे दुकानात काय ठेवायचे हे दुसऱ्याने ठरवायचे आणि ठेवलेल्यातून उचलायचे एवढाच हक्क गिऱ्हाइकाला उरतो. प्रस्तुत लेखाचा विषय ही पहिली निवड आहे. एकाच पक्षातील दोन-तीन इच्छुकांना तोलायचे कोणी, कोणत्या मापाने आणि केव्हा?

अमेरिकेची रीत

या प्रश्नाला अमेरिकेने दिलेले उत्तर सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथे राष्ट्राध्यक्षपदाच्या खऱ्या निवडणुकीपूर्वी प्रत्येक पक्षात प्रायमरी होते. एकाच पक्षाचे अनेक इच्छुक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात, एकाच व्यासपीठावर उभे राहून एकमेकांना प्रश्न विचारतात आणि पक्षाचे सामान्य मतदार त्यांच्यातून एकाला पसंती देतात. परंपरेने आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्यांपासून सुरुवात होते. जानेवारी-फेब्रुवारीत सुरू झालेला हा क्रम जूनपर्यंत चालतो आणि मुख्य मतदान नोव्हेंबरमध्ये होते. म्हणजे मतदाराला माल पारखण्यास महिनेच्या महिने मिळतात.

ही रीत तेथेही आरंभापासून एवढी भक्कम नव्हती. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकाही प्रायमरीत न उतरता शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली, आणि नोव्हेंबरात रिचर्ड निक्सन यांच्याकडून ते हरले. पुढाऱ्यांनी बंद खोलीत केलेली निवड कार्यकर्त्यांना रुचली नव्हती. त्या संतापातून नियम बदलले गेले आणि १९७२ पासून प्रायमरीतील कौल हाच निर्णायक ठरू लागला.

या पानाच्या वाचकांसाठी त्यातील दोन उदाहरणे विशेष बोधप्रद आहेत. २०१६ साली रिपब्लिकन पक्षात जेब बुश यांच्या पाठीशी वडील व भाऊ दोघेही माजी राष्ट्राध्यक्ष आणि १० कोटी डॉलरहून अधिक निधी होता. तरीही तिसऱ्या-चौथ्या राज्यापलीकडे ते जाऊ शकले नाहीत आणि फेब्रुवारीतच बाहेर पडले. २०२० साली डेमोक्रॅटिक पक्षात धनाढ्य उद्योगपती मायकेल ब्लूमबर्ग यांनी स्वतःच्या खिशातून सुमारे १०० कोटी डॉलर ओतले आणि त्यांच्या पदरात विजय पडला तो केवळ अमेरिकन सामोआ या चिमुकल्या बेटाचा. तिकीट विकत घेता येते ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. निवड सामान्य मतदारासमोर झाली तर पैसा आणि घराणे दोन्ही लंगडे पडू शकतात, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

अर्थात ही रीत निर्दोष मुळीच नाही. प्रायमरीला येणारे मतदार थोडे असतात आणि त्यांत कडव्या मतांचे लोक अधिक. २०२४ मध्ये जो बायडन यांनी प्रायमरी जिंकल्या, परंतु २१ जुलै रोजी त्यांनी माघार घेतली आणि कमला हॅरिस यांना उमेदवारी मिळाली ती प्रायमरीविनाच. तरीही त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला मिशिगन राज्यात एक लाखाहून अधिक डेमोक्रॅटिक मतदारांनी ‘कोणालाही बांधील नाही’ या पर्यायावर शिक्का मारून गाझाविषयक धोरणावरील नाराजी स्वपक्षाच्या पुढाऱ्यांपर्यंत पोचवली. पक्ष न सोडता पक्षाला सुनावण्याची एक अधिकृत खिडकी तेथे आहे, आणि आपल्याकडे नेमकी तीच नाही.

पालघरचा सात वर्षांचा रोजमेळ

आता आपल्या दारातील हिशेब पाहू. पालघर लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. त्यातील डहाणू, विक्रमगड, पालघर आणि बोईसर हे चार विधानसभा मतदारसंघही राखीव आहेत. केवळ नालासोपारा आणि वसई खुले आहेत. राखीव जागा हा आदिवासी समाजाचा हक्क आहे आणि त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु यातून एक गोष्ट स्पष्ट होते. बोईसरच्या बहुसंख्य व्यापाऱ्यांना व कारखानदारांना येथे स्वतः उमेदवार होता येत नाही. त्यांच्या हाती एकच काम आहे, ते म्हणजे उमेदवाराची पारख. तेच केले नाही तर लोकशाहीत त्यांचा वाटा शून्य उरतो.

३० जानेवारी २०१८ रोजी भाजपचे खासदार चिंतामण वनगा यांचे निधन झाले. २०१४ मध्ये ते २ लाख ३९ हजारांच्या मताधिक्याने निवडून आले होते. पोटनिवडणूक जाहीर झाली आणि मे महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत सगळे चित्र उलटेपालटे झाले. वनगा यांचे चिरंजीव श्रीनिवास शिवसेनेत गेले व तिचे उमेदवार झाले. काँग्रेसचे माजी राज्यमंत्री राजेंद्र गावित भाजपमध्ये आले व तिचे उमेदवार झाले. २८ मे रोजी मतदान झाले. गावित यांना २,७२,७८२, श्रीनिवास वनगा यांना २,४३,२१० आणि बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव यांना २,२२,८३८ मते पडली.

वास्तविक पाहता ही भाजपच्या मतदारांपुढची प्रायमरीच होती. एका पारड्यात दिवंगत खासदाराचा वारसा आणि त्याबद्दलची सहानुभूती, दुसऱ्या पारड्यात मंत्रिपदाचा अनुभव आणि पालघर परिसरातील जुना संपर्क. वारसा श्रेष्ठ की अनुभव, हा प्रश्न पक्षाच्या हजारो कार्यकर्त्यांपुढे मांडून, दोघांना एका व्यासपीठावर बसवून सोडवता आला असता. तसे न झाल्याने घरातील तंटा चव्हाट्यावर आला आणि दोन मित्रपक्ष एकमेकांविरुद्ध लढले.

पुढील पान उलटू. २०१९ मध्ये युती झाली, पालघरची जागा शिवसेनेकडे गेली आणि विद्यमान खासदारही जागेबरोबर शिवसेनेत गेले. दुकान विकताना आतला मालही नव्या मालकाच्या नावे व्हावा, तसा हा प्रकार होता. गावित ८८ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. श्रीनिवास वनगा यांना पालघर विधानसभेची उमेदवारी मिळाली. त्यासाठी २०१६ च्या पोटनिवडणुकीत याच गावितांना हरवून आलेले शिवसेनेचे आमदार अमित घोडा यांना बाजूला व्हावे लागले. त्यांनी आधी राष्ट्रवादीकडून अर्ज भरला आणि नंतर तो मागेही घेतला.

२०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हा गावित आणि वनगा दोघेही एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. २०२४ च्या लोकसभेला जागा पुन्हा भाजपकडे आली. अर्ज भरण्याची मुदत ३ मे रोजी संपत होती आणि अगदी अखेरच्या घटकेला माजी मंत्री विष्णू सवरा यांचे चिरंजीव डॉ. हेमंत सवरा यांचे नाव पुढे आले. २० मे रोजी मतदान झाले आणि १ लाख ८३ हजारांच्या फरकाने ते विजयी झाले. मग विधानसभा आली. ऑक्टोबरच्या अखेरीस, पुन्हा मुदत संपत आली असताना, शिंदे यांच्या शिवसेनेने श्रीनिवास वनगा यांना डावलून राजेंद्र गावित यांना पालघरची उमेदवारी दिली. विद्यमान आमदाराने वृत्तवाहिन्यांच्या कॅमेऱ्यांपुढे अश्रू ढाळले आणि नंतर काही काळ ते घरच्यांच्याही संपर्कात नव्हते. गावित निवडून आले.

या सर्व उलाढालीत कोण चांगले, कोण वाईट, हे ठरवण्याचा हेतू येथे नाही. गावित यांनी २००९ पासून विधानसभा व लोकसभा मिळून तीन वेगवेगळ्या चिन्हांवर चार विजय मिळवले. पक्ष बदलणे हा मतदाराच्या लेखी अक्षम्य गुन्हा नाही, असाच त्याचा अर्थ होतो. सवरा पेशाने डॉक्टर आहेत. वडिलांचे नाव पाठीशी असूनही २०१९ मध्ये विक्रमगडला त्यांना पराभव पाहावा लागला होता. तेव्हा वारसा हा विजयाचा हमखास हुंडा नव्हे. प्रश्न व्यक्तींचा नसून वेळेचा आहे. तीनही वेळा उमेदवाराचे नाव पक्के झाल्यापासून मतदानापर्यंत तीन-साडेतीन आठवड्यांहून अधिक अवधी मिळाला नाही. एवढ्या वेळात बॅंक साधी कॅश क्रेडिटची फाइलही मंजूर करीत नाही.

बोईसरचा धडा

बोईसर विधानसभेचा अनुभव त्याहून बोलका आहे. २०१९ मध्ये बहुजन विकास आघाडीचे दोन वेळचे आमदार विलास तरे शिवसेनेत आले आणि युतीची उमेदवारी त्यांना मिळाली. आघाडीने राजेश पाटील यांना उभे केले. भाजपचे संतोष जनाठे यांना हा निर्णय मान्य नव्हता, ते अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी सुमारे ३० हजार मते घेतली. तरे हरले ते अवघ्या २,७५२ मतांनी. मतदानापूर्वी युतीच्या मतदारांसमोर तरे आणि जनाठे यांची उघड तुलना झाली असती, तर जो हरला असता त्याला मागे हटण्यास सन्मानाचा मार्ग मिळाला असता आणि जो जिंकला असता त्याला पूर्ण बळ. बंडखोरी ही बऱ्याचदा न झालेल्या प्रायमरीची वसुली असते. तिचे व्याज पक्ष भरतो आणि मुद्दल मतदार.

२०२४ मध्ये त्याच तरे यांनी त्याच पाटलांना मोठ्या फरकाने हरवले. म्हणजे बोईसरचा मतदार कोणाच्या दावणीला बांधलेला नाही. पालघर विधानसभेत तर २०१४ साली कृष्णा घोडा आणि राजेंद्र गावित यांच्यात केवळ ५१५ मतांचे अंतर होते. एका मध्यम कारखान्याच्या तीन पाळ्यांत मिळून एवढी माणसे कामाला असतात. आमच्या म्हणण्याला कोण विचारतो, असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आणखी एक आकडा. २०१९ च्या लोकसभेला पालघरमध्ये २९,४७९ मतदारांनी ‘नोटा’चे बटण दाबले, महाराष्ट्रात सर्वांत जास्त. एवढे लोक रांगेत उभे राहून ‘यातला एकही नको’ असे सांगतात, तेव्हा ती तक्रार उमेदवारांविषयी जितकी, तितकीच उमेदवार निवडण्याच्या रीतीविषयीही आहे. मात्र नोटाला कितीही मते पडली तरी विधानसभा-लोकसभेचा निकाल बदलत नाही. ती नाराजीची नोंद आहे, निवड नव्हे.

एक प्रयोग येथेही झाला होता

पक्षांतर्गत मतदानाची कल्पना महाराष्ट्राला अगदीच परकी नाही. २०१४ च्या लोकसभेपूर्वी राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातील निवडक मतदारसंघांत प्रायमरी घेतली. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर येथे ती झाली. वर्ध्यातून सागर मेघे आणि लातूरमधून दत्तात्रय बनसोडे हे तिच्यातून उमेदवार ठरले. दोघेही दोन लाखांहून अधिक मतांनी पराभूत झाले आणि प्रयोगावर पडदा पडला.

परंतु त्या पराभवावरून रीतच फसली असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या वर्षी श्रेष्ठींनी थेट निवडलेले उमेदवारही कोसळले होते, राज्यात काँग्रेसला नांदेड आणि हिंगोली या दोनच जागा मिळाल्या. दोष असेल तर तो वेगळाच आहे. त्या प्रायमरीत मत देण्याचा अधिकार पक्षाचे पदाधिकारी आणि निवडक प्रतिनिधी यांच्यापुरता होता. यादीतील माणसे मोजकी असली की त्यांना सांभाळणे सोपे जाते, आणि मग वर्ध्यात मातब्बर नेत्याच्या मुलाचेच नाव निघाले यात नवल नाही. बुश आणि ब्लूमबर्ग हरले ते लाखो अनोळखी मतदारांसमोर. मोजक्या ओळखीच्या लोकांसमोर कदाचित ते हरलेही नसते.

पणाला काय लागले आहे?

कोणी म्हणेल, धंदा करणाऱ्याने या फंदात का पडावे? निवडून कोणीही येवो, आपले काम फोनवर होते. या वृत्तीची किंमत किती पडते, ते पाहू.

तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याचा प्रश्न कोणत्याही प्रचारसभेत गांभीर्याने मांडला गेला नाही. तो शेवटी मांडला मच्छीमारांनी, आणि तोही न्यायासनापुढे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२२ मध्ये शंभराहून अधिक कारखान्यांना मिळून सुमारे १६० कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावरही मोठा बोजा टाकला. नवापूरपासून सातपाटीपर्यंतच्या खाड्यांत काय सोडले जाते, त्यासाठी वेळेत पुरेसे प्रक्रिया केंद्र का उभे राहिले नाही, औद्योगिक महामंडळाने काय केले, हे प्रश्न आमदार-खासदारांना दहा वर्षे आधी विचारले गेले असते तर कारखानदाराचा पैसा वाचला असता आणि कोळ्याचे पापलेटही. त्याच पापलेटाला सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला!

दुसरे उदाहरण वाढवण बंदराचे. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने हे बंदर नाकारले होते. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह त्याला मान्यता दिली. ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली १९ जून २०२४ रोजी. लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला होता. म्हणजे जिल्ह्याचे भवितव्य बदलणारा हा निर्णय निकालानंतर पंधरा दिवसांनी झाला आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणीही झाली. बंदराच्या बाजूने असावे की विरोधात, यावर वाचकांत मतभेद असतील. वाहतूकदाराला त्यात काम दिसेल, मच्छीमाराला मासेमारीचे क्षेत्र गेलेले दिसेल. परंतु ज्या इच्छुकाला तिकीट हवे आहे त्याने भूसंपादन, नुकसानभरपाई, स्थानिकांना रोजगार, मालवाहू रस्ते यांवर लेखी भूमिका द्यावी, ही अपेक्षा दोघांचीही असायला हवी. ती आधी घेतली नाही तर निकालानंतर पंधरा दिवसांत काहीही होऊ शकते.

तिसरे उदाहरण रोजच्या जगण्याचे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली, बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला ठरले. हजारो कारखाना-कामगारांचे बोईसर मात्र इतकी वर्षे ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या साधनांवर कचरा, पाणी आणि रस्ते सांभाळत आले. नगरपरिषद व्हावी की नाही, झाल्यास कर किती वाढेल आणि सोयी किती मिळतील, यावर इच्छुकांचे म्हणणे काय, हे किती जणांना सांगता येईल?

तोलायचे कसे?

इच्छुक उमेदवार तोलताना पुढील पाच मापे वापरावीत असे सुचवावेसे वाटते.

पहिले माप प्रतिज्ञापत्राचे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२-०३ च्या निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, देणी, शिक्षण आणि गुन्हेगारी खटले जाहीर करावे लागतात. जे पूर्वी लढले आहेत त्यांची जुनी प्रतिज्ञापत्रे उपलब्ध असतात. दोन निवडणुकांतील मालमत्तेचा फरक काढणे हे तर आपल्या मुनिमाचे पाच मिनिटांचे काम. शिवाय फेब्रुवारी २०२० च्या आदेशानुसार, गुन्हे दाखल असलेला उमेदवार का निवडला याची कारणे पक्षाला जाहीर करावी लागतात, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढेच कारण चालत नाही. ही कारणे वाचणारे किती असतात?

दुसरे माप कामाच्या नोंदीचे. सभागृहातील उपस्थिती, विचारलेले प्रश्न आणि खासदाराला वर्षाला मिळणाऱ्या ५ कोटी रुपयांच्या स्थानिक विकास निधीचा विनियोग, ही सर्व माहिती मिळवता येते. भाषणापेक्षा खतावणी अधिक खरी बोलते.

तिसरे माप लेखी उत्तराचे. सांडपाणी, बंदर आणि बोईसरचा कारभार या तीन प्रश्नांवर प्रत्येक इच्छुकाकडून एकेका पानाचे सहीनिशी उत्तर घ्यावे. तोंडी आश्वासन ही उधारी आहे, सही झाली की ती हुंडी होते.

चौथे माप पक्षबदलाचे. पक्ष बदलला म्हणून माणूस बाद करू नये, पण बदलताना मतदारसंघासाठी काय पदरात पाडले हे विचारावे. स्वतःचे तिकीट सोडून दुसरे काहीच सांगता येत नसेल, तर उत्तर मिळालेच म्हणायचे.

पाचवे माप पैशाचे. खर्चाची मर्यादा लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख रुपये आहे. २,००० रुपयांहून अधिक देणगी रोखीने देता येत नाही आणि निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रद्द केले. तरीही दर निवडणुकीला पाकिटे जातात हे कोणापासून लपलेले नाही. ज्याला दोन्ही बाजूंनी पाकीट गेले, त्याच्याकडून उत्तर मागण्याची हिंमत देणाऱ्याला उरत नाही. शेजारच्या डहाणूत २०१९ मध्ये अवघी पन्नास हजारांच्या आसपास मालमत्ता जाहीर करणारे मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले आमदार झाले आणि २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. त्यांची विचारसरणी पटो वा न पटो, पैशाशिवाय तिकीट नाही आणि तिकिटाशिवाय विजय नाही हा सिद्धांत आपल्याच जिल्ह्यात दोनदा खोटा ठरला आहे.

शंका आणि उत्तरे

पहिली शंका भीतीची. व्यापाऱ्याला सर्वांशी जुळवून घ्यावे लागते, उघड भूमिका घेतली तर परवाना अडेल, तपासणी येईल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच एकट्याने बोलू नये आणि कोणा एकाला पाठिंबाही जाहीर करू नये. सर्व पक्षांच्या सर्व इच्छुकांना तेच तीन प्रश्न, त्याच दिवशी, त्याच कागदावर विचारावेत. प्रश्न विचारणे म्हणजे विरोध नव्हे.

दुसरी शंका अशी की हे काम कारखानदारांच्या संघटनेने केले तर धनिकांचा उमेदवार पुढे रेटला जाईल. ही शंका अधिक गंभीर आहे. त्यावर उपाय एकच. सभा कारखानदारांची नसावी. तारापूरचे उद्योजक, बोईसर नाक्यावरचे दुकानदार, कामगार संघटना, सातपाटी-नवापूरचे मच्छीमार आणि आदिवासी पाड्यांचे प्रतिनिधी यांनी एकत्र बसावे. मतदारसंघ राखीव आहे, तेव्हा ज्यांच्यासाठी तो राखीव आहे त्यांचे प्रश्न यादीत सर्वांत वर असावेत. रोजगार हमी, कुपोषण, वनहक्क यांवरचे उत्तर ऐकताना व्यापाऱ्यालाही आपल्या गिऱ्हाइकाची आणि कामगाराची खरी स्थिती कळेल, हा त्यातला वेगळा लाभ.

तिसरी शंका, पक्ष ऐकतील का? पक्षश्रेष्ठी तत्त्व ऐकत नसतील, आकडे जरूर ऐकतात. ५१५ आणि २,७५२ हे आकडे त्यांच्या वहीतही आहेत. एखाद्या इच्छुकाने लेखी उत्तर दिले आणि दुसऱ्याने टाळले, ही बातमी तिकीटवाटपापूर्वी स्थानिक वृत्तपत्रांत छापून आली, तर दिल्ली-मुंबईत बसलेल्यांना तिची दखल घ्यावीच लागेल.

पुढील विधानसभा निवडणूक २०२९ मध्ये अपेक्षित आहे. इच्छुकांची हालचाल त्याच्या दोन वर्षे आधीच सुरू होईल, वाढदिवसाचे फलक लागतील, मंडळांना वर्गण्या जातील. तोच काळ प्रश्न विचारण्याचा आहे. कायदा बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. एक सभागृह, एक छापील प्रश्नावली आणि प्रत्येक समाजाची चार-पाच जबाबदार माणसे एवढ्यावर ही सुरुवात होऊ शकते. पहिल्या वर्षी निम्मे इच्छुक येणार नाहीत. जे येणार नाहीत त्यांची नावेही जाहीर करावीत, तीदेखील मतदारासाठी माहितीच आहे. मुदत संपण्याच्या आदल्या रात्री नाव कळावे आणि तीन आठवड्यांत पाच वर्षांचा सौदा पुरा व्हावा, ही रीत पालघरने पुरेशी अनुभवली आहे. १६० कोटींची भरपाई आणि ७६ हजार कोटींचे बंदर ज्या भागाच्या खाती पडते, त्याने वानगी न पाहता माल उचलणे आता परवडणारे नाही.